आमेननंतरचं एक खरं

जिथे ढग सकाळच्या न्याहारीला डोंगरावरून खाली उतरतात आणि पेरूच्या झाडांत पोपटांची भांडणं चालतात, तिथे लाल कौलांचं एक इवलंसं चर्च होतं. त्याच्या मागच्या खोपटात अमोस आणि त्याची आई राहायची. आई चर्च झाडायची, सतरंज्या धुवायची, आणि त्यावर दोघांची चूल पेटायची. आधी ती तिघं होती. अमोसची ताई, सुवार्ता, दर रविवारी लहान मुलांची उपासना घ्यायची. मग तिला ताप आला. अमोसने अकरा दिवस गुडघे टेकून प्रार्थना केली. बाराव्या दिवशी ताई गेली.

तेव्हापासून अमोस कोणावरही विश्वास ठेवीना. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. अमोस पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला. शेजारच्या मावशीनं लाडू दिला तर तो आधी फोडून बघायचा, आत काय दडवलंय ते.

मुलांच्या उपासनेची खोली दोन महिने बंद होती. चर्चचा कारभार बघणारे पंच म्हणू लागले, तिथे खुर्च्या ठेवू, मुलं बसतील मोठ्यांच्या मागे. पाळकबाईंनी, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या बायकोनं, मोठ्या मिनतवारीनं एक रविवार मागून घेतला. अमोसला बोलावून त्या म्हणाल्या, उपासना तू घे. पंच मागे उभे राहून बघतील. जमलं तर खोली मुलांची, नाहीतर खुर्च्यांची.

अमोस जेमतेम अक्षर लावून वाचायचा, आणि चारचौघांत त्याची जीभ टाळूला चिकटायची. पण ताईच्या खोलीत खुर्च्या? तो ताडकन "घेतो" म्हणाला, आणि मग बागेत जाऊन रडला.

बागेत गुलबक्षी फुलली होती, जांभळी, गुलाबी, पिवळी. त्यातलं एक पिवळंधमक फूल थरथरलं आणि त्यातून चिमणीएवढी परी बाहेर आली. पंख चतुराचे, कपाळावर दवाचा टिकला, अंगात इंद्रधनुष्याच्या चिंधीचा चिमुकला झगा.

अमोसने सगळ्यात आधी तिचे पाय बघितले. पावलं उलटी नव्हती, म्हणजे हडळ नाही. मग सावली बघितली. होती, शेंगदाण्याएवढी. तरी त्याचं समाधान होईना. त्याने तिला प्रभूची प्रार्थना म्हणून दाखवायला सांगितलं.

"मला अर्धीच येते रे राजा," परी लाजून म्हणाली. "खिडकीबाहेर बसून ऐकलेली."

हे ऐकून त्याचा संशय दुप्पट झाला. परीनं सांगितलं, तुला एक मागणं मिळेल, पण नियम आहेत. मागणं उपासनेतच मागायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एकदा तोंडातून निघालं की बदलायचं नाही. आणि गेलेलं माणूस परत मागायचं नाही.

शेवटचा नियम ऐकताच अमोसने मातीचं ढेकूळ उचलून तिच्यावर फेकलं. नेम चुकला. परी झगा झटकून पुन्हा त्याच पाकळीवर बसली.

"तुला काय मिळतं यात?" अमोसने विचारलं.

"खिडकीतून परत ऐकायला मिळेल."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

पाणी नक्की कुठेतरी मुरतंय, असं अमोसला वाटलं. तीन दिवस त्याने तिच्यावर पाळत ठेवली. परी दव प्यायची, फुलपाखरांचे पंख पुसायची आणि पाकळीवर झोपायची. काहीच वावगं सापडेना, आणि हेच त्याला जास्त वावगं वाटलं. शेवटी त्याने ठरवलं, पहिल्या क्षणालाच मागून मोकळं व्हायचं: माझी जीभ सुटू दे.

रविवारी बावीस मुलं सतरंजीवर बसली. मागे हाताची घडी घालून पंच. खिडकीत परी. अमोस उभा राहिला. ताईच्या उपासनेला तो नेहमी शेवटी पोचायचा, खाऊ वाटायच्या वेळी. त्यामुळे त्याच्या कानांत बसलेला भाग एकच होता, आणि घाबरून नेमका तोच तोंडातून निघाला. दोन्ही हात वर करून त्याने निरोपाचा आशीर्वाद दिला.

मुलं शिस्तीची. आशीर्वाद झाला म्हणजे उपासना संपली. सगळी उठली आणि चपला शोधू लागली.

"अशी उपासना असती तर मीसुद्धा दर रविवारी वेळेवर आलो असतो," थोरले पंच येशूदासकाका म्हणाले, आणि त्यांनी खुर्च्या आणायला सांगितल्या.

पण पाच वर्षांचा मिखा जागचा हलला नव्हता. ताईनं त्याला पहिल्यांदाच एकट्यानं प्रार्थना म्हणायला नेमलं होतं. दोन महिने तो त्या पाळीची वाट बघत होता. तो उभा राहिला, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हनुवटी थरथरायला लागली. दारातली मुलं हसली.

ती थरथरणारी हनुवटी अमोसच्या ओळखीची होती. त्याने खिडकीकडे बघितलं. परी खोटी निघाली तर सगळ्यांसमोर आपलंच हसं होईल. होऊ दे.

"माझं मागणं मिखाला," तो मोठ्यानं म्हणाला. "त्याचा आवाज सुटू दे."

मिखानं हात जोडले. "देवा, मी छोटा आहे. अंधार मोठा आहे. तू त्याच्याहून मोठा आहेस. आमेन." मग दम घेऊन तो म्हणाला, "आणि खरं सांगू देवा, मला केव्हाची शू लागलीये."

सगळे हसले, पण आता प्रेमानं. हे काय, म्हणून अमोसने विचारलं. मिखा म्हणाला, सुवार्ताताईनंच शिकवलंय, आमेन झालं की देवाला एक खरं सांगायचं. चांगलंच असलं पाहिजे असं नाही, खरं असलं पाहिजे.

अमोसला हे माहीतच नव्हतं. ताईचं एवढं त्याने ऐकलंच नव्हतं.

चपला पुन्हा बाहेर गेल्या. एकेक मूल उठलं, प्रार्थना म्हणालं, आमेन म्हणालं. रूथनं भावाची पेन्सिल लपवली होती. तिमथ्याला कोंबड्यांची भीती वाटत होती. मग मागून येशूदासकाकांनी घसा खाकरला आणि देवाला सांगितलं, की गेले तीन रविवार ते उपदेश चालू असताना झोपले होते.

पाळी अमोसवर आली. "आमेन," तो म्हणाला. "देवा, मी तुझ्यावर रागावलोय. अकरा दिवस मागितलं होतं तुला."

कोणी हसलं नाही. मिखानं त्याचं बोट धरलं. आणि अमोसच्या लक्षात आलं, की आपली जीभ कुठेच अडखळली नाही. मागणं तर त्याने देऊन टाकलं होतं.

येशूदासकाकांनी खुर्च्या घेऊन आलेल्या माणसाला हातानंच परत पाठवलं.

खिडकीत लख्ख सोनेरी उजेड पडला, मधासारखा दाट, चांदण्यांच्या चुऱ्यासारखा चमचमता. त्यात परी हसली, विरघळली, आणि उंबऱ्यापर्यंत सगळी सतरंजी पिवळी पिवळी होऊन गेली.

अमोसने तो उजेड तपासून बघितला नाही. पुढे काय म्हणायचं ते त्याला अजूनही ठाऊक नव्हतं, म्हणून तो मुलांमध्ये सतरंजीवर बसला आणि त्याने विचारलं, "बरं, मग ताई काय करायची?"

आणि बावीस तोंडं एकदम सांगायला लागली.