गोदाजीने आणलेला पाहुणा

वैऱ्याला पाठ दाखवून कुणी मोठा आरमारप्रमुख होतो का, सांगा बरं? आपला गोदाजी सारंग मात्र तसाच मोठा झाला.

स्वराज्यासाठी फिरंग्यांशी लढाई चालू होती. गोदाजीपाशी सगळी लहान गलबतं. त्या दुपारी फिरंग्यांचं तोफांनी भरलेलं मोठं जहाज दिसताच त्याने गलबतं वळवली आणि तो सरळ खाडीत शिरला. उधाणाच्या पाण्यावर ते जहाजही मागोमाग आत आलं.

वळणापलीकडे काठावर सरदार मानसिंगराव घोड्यावर बसले होते. गोदाजी उतरताच ते सगळ्यांसमोर गरजले, "वैऱ्याला पाठ दाखवतोस? दे ती तलवार! उद्यापासून आरमार दुसऱ्याच्या हाती."

खलाशांच्या माना खाली गेल्या. गोदाजीने मुकाट्याने तलवार दिली आणि हात जोडून विचारलं, "सरकार, नवा पाहुणा घरी आणताना तुम्ही त्याच्या पुढे चालता की मागे?"

"पुढेच! वाट त्याला कुठे ठाऊक असते?"

"मग त्याला तुमची पाठच दिसत असेल की. आमच्या खाडीची वाटही या फिरंग्यांना ठाऊक नव्हती, म्हणून मी पुढे चाललो. आता ओहोटी लागलीय. आमचा चिखल पाहुण्यांना एवढ्यात उठू द्यायचा नाही."

खलाशी खो खो हसले. सरदार मात्र तलवार घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरंग्यांचं जहाज चिखलात कुशीवर पडलं होतं, आणि मानसिंगराव गुडघाभर चिखल तुडवत गोदाजीच्या गलबतापर्यंत त्याची तलवार घेऊन आले.