कापऱ्या हातांचा राजा आणि वरणाची पालखी

एक होता राजा, आणि त्याचे हात कापायचे. पांघरूण घे आधी, मैने. पाय झाकल्याशिवाय मी पुढे सांगत नाही.

संध्याकाळी तू विचारलंस ना, आजोबांच्या हातून ताट का सांडलं आणि ते न जेवता का उठले? त्याचीच ही गोष्ट. हसायची नाही, बरं का.

तर हा राजा उंच किल्ल्यात राहायचा. त्याने वरून हात हलवला की खाली नांगर चालायचे, चुली पेटायच्या. किल्ल्यात काळ्या मातीत एक झाड होतं. त्याच्या रसाने राजाचा हात स्थिर राही. एकदा काय झालं, ते झाड वाळायला लागलं. रस आटला. मग राजाचे हात कापायला लागले. खाली नांगर वाकडे जायला लागले. राजाला घाससुद्धा तोंडापर्यंत नेता येईना.

मग खालच्या गावातल्या वैद्याने तसाच रस केला आणि नदीतून होडीने वर धाडला. पण किल्ल्याच्या तटाला भेग नव्हती. दारात होते भोई. ते ओळखीचंच घ्यायचे, साखर नाहीतर वरणातलं सत्त्व. रस बघून ते म्हणाले, "हा आमच्या पालखीतला नव्हे." रस बाहेरच राहिला.

मग वैद्याने दुसरं औषध केलं, तेलकट, तटातून निसटणारं. ते शिरलं आत. पण आत होते पहारेकरी. त्यांनी बखोटीला धरून ते परत नदीत फेकलं. वैद्याने होड्याच्या होड्या भरून औषध धाडलं. तेही फेकलं. ते सगळं खालच्या गावांत साचलं, माणसं ओकून ओकून आडवी झाली, आणि राजाला मिळालं जेमतेम थेंबभर.

वैद्याची लेक म्हणाली, "बाबा, पहारेकऱ्यांना झोपवू या."

वैद्य म्हणाला, "मग बाहेर टपलेलं विषही आत जाईल, पोरी. त्यांच्यामुळेच तर राजा आजवर जगला."

मग वैद्याने तिसऱ्यांदा काय केलं? रस कच्चाच ठेवला आणि त्याला वरणातल्या सत्त्वाचं रूप दिलं. भोयांना तो आपल्यातलाच वाटला. त्यांनी त्याला पालखीत बसवून आत नेलं. आत गेल्यावर तो पिकला. राजाचा हात कापायचा थांबला. कितीतरी दिवसांनी तो आपल्या हाताने पाणी प्यायला, आणि राणी कोपऱ्यात जाऊन रडली.

झाड हिरवं झालं का? नाही, बाळा. ते वाळतच राहिलं. रस सरला की हात पुन्हा कापायचा, मग पुन्हा पालखी.

आणि एक दिवस राजाच्या लाडक्या नातीने काय केलं, औषधाच्या आधी वरण धाडलं. वाटीवर वाटी, अगदी प्रेमाने. सगळ्या पालख्या वरणानेच भरल्या. औषध मागून आलं आणि दारातच ताटकळत उभं राहिलं. राजा पुढचा घास घ्यायला गेला, आणि ताट सांडलं.

रडू नकोस गं. तुला कुठे ठाऊक होतं? तो किल्ला आजोबांच्या डोक्यात आहे. तुझ्याही आहे, माझ्याही. आजोबा तुझ्यावर रागावले नाहीत. तुझ्यासमोर सांडलं, त्याची लाज वाटली त्यांना.

उद्या तूच त्यांना गोळी दे. मग थोडा वेळ त्यांच्याशी गप्पा मार, भोयांना औषध आत नेऊ दे. मग वरण वाढ. जेवतील आपल्या हाताने. किती वर्षं, ते मला विचारू नकोस.

हात थांबतोय तोवर राजा सुखात, राणी सुखात, त्यांची मैनाही सुखात. मीट आता डोळे. मी जाते त्यांच्याकडे. त्यांच्या हातावर हात ठेवला की निजतात.