व्हेनिस पाहिलेले बूट

व्हेनिसला जावं की जाऊ नये, या प्रश्नानं कुसूरगडचे राजे अमृतराव कित्येक महिने धड जेवले नव्हते. म्हणजे जेवत होते, पण तिसऱ्यांदा वाढून घेत नव्हते. शेजारचे सगळे संस्थानिक त्या पाण्यातल्या शहराचे गोडवे गात होते. आपली फजिती नको म्हणून राजांनी आधी दोन माणसं पाठवली. महिनाभर राहून ती परतली, आणि घोळ तिथंच झाला.

"सरकार, स्वर्ग आहे स्वर्ग," सरदार नेतोजीराव म्हणाले. "दारातून पाऊल टाकलं की होडी. गेलंच पाहिजे."

"कसला स्वर्ग? दारात पाणी आलंय, ते काढायचं सोडून लोक त्यात होड्या चालवतात," कारभारी त्र्यंबकपंत करवादले. "गर्दी, कबुतरं, आणि पावलोपावली पुलाच्या पायऱ्या. मुळीच जाऊ नये."

राजे हट्टाला पेटले. "मी इथून हलणार नाही, तिसऱ्या कुणाला पाठवणारही नाही. तरी आत्ताच्या आत्ता मला खरं काय ते कळलं पाहिजे."

 तेवढ्यात दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं.

ती सगुणा होती. दरबारात पायताण घालून यायचं नाही, हा कुसूरगडचा रिवाज. खुद्द राजांनाही तो सुटला नव्हता. बाहेर काढलेले जोडे राखायचं काम सगुणाच्या घरात तीन पिढ्या चालत आलं होतं.

"हसलीस? मग तूच सांग," राजे कडाडले. "पटलं नाही, तर उद्यापासून त्या दाराशी दुसरं माणूस बसेल."

 सगुणाच्या घरी म्हातारी आई, आणि दुसरं काम तिला येत नव्हतं. पण आता हसून तर झालं होतं. ती बाहेर गेली आणि बुटांचे दोन जोड घेऊन आली.

"सरकार, ह्ये दोन्ही जोड आपल्याच मोच्यानं एकाच दिशी शिवलेले, खास व्हेनिसला जायला. महिनाभर दोघांच्या पायात ह्येच." तिनं नेतोजीरावांचे बूट उलटे केले. तळव्यावर मोच्याची खूण जशीच्या तशी. "ह्यो जोड काय हाटेलाच्या गालिच्यावरनं खाली उतरलेला न्हाई."

"होडी लागते मला," नेतोजीराव पुटपुटले. "पण खिडकीतून फार छान दिसतं."

मग तिनं पंतांचे बूट उलटे केले. टाचा झिजून गेलेल्या, अंगठ्याखाली भोक. त्यातून तिनं बोट बाहेर काढून दाखवलं.

"पंत नावं ठेवत्यात. पन पंत जिलबीलाबी नावं ठेवत्यात, चौथी मागताना. शहर वाईट असतं, तर भोक पडस्तवर कोन हिंडलं असतं?"

पंतांचे कान लाल झाले. "रोज वाट चुकायची," ते हळूच म्हणाले. "मग मुद्दाम चुकायला लागलो. सरकारांबरोबर पुन्हा गेलो असतो, तर मिरवणुकीनं हिंडावं लागलं असतं. म्हणून नको म्हणालो."

"म्हणजे जायचं!" राजे उठलेच.

"शहर जान्याजोगं हाय," सगुणा म्हणाली. "सरकारांनी जावं का, ते तिसरा जोड सांगंल."

तिनं राजांच्या मोजड्या आणून उलट्या धरल्या. सात वर्षांच्या मोजड्या, तळवे कालच घेतल्यासारखे. 

"पंतांच्या बुटानं सांगितलं, त्ये शहर पायांनी बघायचं. पुलाच्या पायऱ्यांवरनं पालखी कशी चढंल, सरकार?"

राजांनी मोजडी हातात घेतली, तळव्यावरून बोट फिरवलं. आणि मग असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"तीन पिढ्या आमच्या दारात बसून आमची कुंडली वाचताय होय! जाणार मी, आणि पायीच हिंडणार. तू बरोबर चल. मी पालखी मागितली की हीच मोजडी दाखवायची. तुझ्या आईचं सगळं वाडा बघेल. आणि मोच्याला बोलवा, हिला एक जोड शिवू दे."

सगळ्यांच्या नजरा सगुणाच्या पायांकडे गेल्या. साऱ्या दरबाराचे जोडे राखणारी बाई आजवर अनवाणी होती, हे राजांना आज पहिल्यांदा दिसलं. त्यांचा आवाज उतरला.

"कसा हवा तुला जोड?"

"झिजंल असा, सरकार."