वळणावरचा पूल

वाट आपणच अडवायची आणि पाणी चढले की नदीच्या नावाने बोटे मोडायची, असे वागणारे पुष्कळ असतात. मुलांनो, त्यांनी ही गोष्ट जरूर ऐकावी.

दूर उत्तरेच्या एका थंड जंगलात, नागमोडी नदीच्या काठी, एक पाणमांजर आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. हिवाळ्यात नदी गोठे. वसंतात बर्फ फुटून त्याच्या मोठमोठ्या लाद्या वाहू लागत. कोणती लादी कुठे आदळते, कुठे अडते, हे तिला घरच्या वाटेसारखे पाठ होते.

एका उन्हाळ्यात अस्वलाने पूल बांधायला घेतला. जागा निवडली वळणावरची, कारण तिथे पात्र अरुंद होते. पाणमांजर म्हणाली, "अस्वलदादा, वळणावर नको. लाद्यांना पटकन वळता येत नाही. त्या खांबांना अडकतील आणि मागे पाणी चढेल. पुढे नदी सरळ जाते, तिथे बांधा."

"तेवढं लांब चालायचं कोणी?" ससा कुरकुरला.

"तू मासे पकड, पुलाचं मी बघतो," अस्वल म्हणाले. त्याने प्रत्येक खांबावर आपल्या पंजाची खूण कोरली.

वसंत आला. पहिली लादी खांबाला अडली, दुसरी तिच्यावर चढली आणि बघता बघता बर्फाची भिंत उभी राहिली. अस्वल छाती फुगवून म्हणाले, "बघा, एकही खांब हलला नाही."

"तेच तर दुखणं आहे, दादा," पाणमांजर म्हणाली. तुंबलेले पाणी तिच्या बिळात शिरले होते. दोन पिल्ले तिने बाहेर काढली होती. तिसरे आतच होते आणि बिळाच्या तोंडाशी लाद्या दाटल्या होत्या.

अस्वल पाण्यात उतरले आणि त्याने आपल्याच खुणेचे खांब एकेक करून उपटले. बर्फ गडगडत निघून गेला, पाणी ओसरले. तिसरे पिल्लू शिंकत बाहेर आले.

त्या उन्हाळ्यात सरळ पात्रावर नवा पूल झाला. पाणमांजर जागा दाखवी, अस्वल खांब रोवी. पुढच्या वसंतात साऱ्या लाद्या खांबांमधून सुखरूप निघून गेल्या. "जागा हिने निवडली," अस्वल ताठ मानेने सगळ्यांना सांगत होते. पाणमांजरीनेही मान खाली घातली नाही.

तात्पर्य : काही बांधण्याआधी, तिथली वाट ज्याला ठाऊक आहे त्याचे ऐकावे. हे आता साऱ्या जंगलाला पटले. "पटेपर्यंत एक पूल मात्र गेला," लांबचा फेरा घालून आलेला ससा म्हणाला.