नऊ मोठे की शंभर?

उंबरगडच्या राजाला वनभोजनाची भारी हौस, पण वाघांची तितकीच धास्ती. म्हणून दिवाण त्र्यंबकपंतांनी वाघांचा नकाशा रंगवून घेतला: वाघ कमी तिथे रंग फिका, जास्त तिथे गडद. पण शंभर वाघांचं रान निघालं फिकं आणि नऊ वाघांचं काळंकुट्ट!

राजाने फिक्या रानात पंगत मांडायचा हुकूम सोडला. शिकारखान्याचे सरदार मानाजी हबकले. "पंत, रंग चुकलेत."

"आम्ही आकडेही शब्दांसारखेच, पहिलं अक्षर बघून लावतो," पंत गुरगुरले. "शंभर लिहिताना आधी एक येतो, म्हणून शंभर लहान. नऊ सगळ्यांत मोठा. महाराज, या उद्धटाला नऊ फटके द्या!"

राजाने मान डोलावली.

मानाजींनी बंडी उतरवली. "मोठी शिक्षा मी सोसतो, महाराज. पण वाद दोघांचा, तेव्हा थोडा प्रसाद पंतांनाही मिळावा. त्यांचं वय झालंय, त्यांना आपले लहानातले शंभरच द्या."

पंत किंचाळले, "शंभर कसले लहान? नऊच लहान!"

"मग रंग बदला, पंत," मानाजी बंडीचे बंद बांधत म्हणाले. "नाहीतर उद्या पंगतीला वाघ बसतील आणि पानात आपण!"