खुंट नेणारा खैरा

त्या मुलखात कुरण एकच होतं आणि कळप दोन होते. वरच्या अंगाला माळाचा कळप राहत असे, खालच्या अंगाला पाणथळीचा. मधलं कुरण आपलंच आहे याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती. पूर्वी या कुरणापायी दरसाल शिंगाला शिंग लागे आणि दहा-वीस जनावरं मरत. हे बरं दिसत नाही असं दोन्हीकडच्या थोरांना वाटलं, म्हणून त्यांनी एक रीत पाडली.

कुरणात लाकडाचा एक खुंट रोवला. तो जिथे असेल तिथे हद्द. वर्षातून एकदा, गवत पिकून पिवळं पडलं की दोन दिवस खुंट हलवायचा. पहिल्या दिवशी माळाच्या बैलाने तो तोंडात धरून खालच्या अंगाला धावायचं आणि पाणथळीवाल्यांनी त्याला पाडायचं. दुसऱ्या दिवशी पाणथळीच्या बैलाने वर धावायचं आणि माळावाल्यांनी पाडायचं. बैलाचे गुडघे जिथे टेकतील तिथे खुंट रोवायचा. मग त्याने उठून तो पुन्हा उपसायचा. ऊन डोक्यावर येईपर्यंत, किंवा तोंडातून खुंट सुटेपर्यंत, किंवा बैल उठेनासा होईपर्यंत हे चाले. अंतर मोजायला एक सारस होता. त्याची पावलं सारखी पडत आणि त्याला कुणाचंच काही वाटत नसे.

रीत चांगली निघाली. दरसाल दोनच बैल कामी येऊ लागले, आणि त्या जागेसाठी रांग लागू लागली.

खैरा हा माळाच्या कळपातल्या एका साध्या गाईचा तिसरा गोऱ्हा. रंगाने काताच्या लाकडासारखा, म्हणून खैरा. त्याला बगळेरावांनी हेरला. बगळेराव माळाच्या कळपाचे सल्लागार होते. ते स्वतः कधी धावले नव्हते, पण एका पायावर उभं राहून त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. कुत्र्यांचं टोळकं मागे लागलेलं असताना हा गोऱ्हा कळपातल्या गाईंच्या फटींतून, एकीलाही न घासता, पलीकडे गेला. ते पाहून बगळेरावांनी दुसरा पाय खाली टेकला. हे त्यांच्याकडून वर्षात एखाद्या वेळीच होई.

खुंट नेणाऱ्याच्या पुढे सहा रेडे चालत. समोरच्यांना अंगावर घ्यायचं आणि वाट काढायची, एवढंच त्यांचं काम. त्यांतला सर्वांत पुढचा दगडोबा. मानेवर मूठभर जागा अशी नव्हती जिथे वण नव्हता. खैऱ्याला त्याच्या मागे उभं केलं, तेव्हा दगडोबाने वळूनही पाहिलं नाही.

"माझ्या शेपटीकडे बघायचं," तो म्हणाला. "पुढे काय आहे ते बघू नकोस. ते बघायला मी आहे. शेपूट डावीकडे गेली की तू उजवीकडून निघ."

"आणि शेपूट हललीच नाही तर?"

"तर मी पडलोय असं समज आणि माझ्यावरून जा."

पहिल्याच वर्षी खैऱ्याने खुंट दोनशे अकरा पावलं खाली नेला. इतका कुणी नेला नव्हता. त्याला पाडायला तिघं लागत, आणि तिघांच्या ओझ्याखाली तो गुडघे टेकायच्या आधी आणखी चार पावलं जाई. माळावरची वासरं तोंडात काटक्या धरून धावू लागली. गाई होणाऱ्या गोऱ्ह्यांना खैरा हे नाव ठेवू लागल्या, मग ते पांढरे का असेनात. कळपाची कर्ती गाय थोरली हिने त्याला जांभळीखालची जागा दिली. माळावर सावलीची तेवढी एकच जागा होती.

सावलीत बसल्यावर खैऱ्याला सहा रेडे उन्हात उभे दिसत. दुसऱ्या वर्षी त्याने थोरलीला विचारलं, "त्यांनाही इथे बसू दे ना. जागा आहे."

"पुढच्या वर्षी बघू," थोरली म्हणाली. ती काही वाईट गाय नव्हती. पुढच्या वर्षी तिने खरोखरच बघितलं आणि पुन्हा तेच सांगितलं.

पडलेल्या बैलाला तपासायला एक कावळा असे. तो दोन्ही कळपांचं काम करी. तो बैलाच्या कपाळावर बसे, डोळ्यांत डोकावे आणि विचारी, "हा कुठला कळप?" बैल "माळाचा" म्हणाला की कावळा पंख हलवी आणि बैल उठे. तिसऱ्या वर्षी, दोन रेड्यांची डोकी एकाच वेळी बसली तेव्हा, खैरा जरा थांबून म्हणाला, "आईचा."

कावळ्याने बगळेरावांकडे पाहिलं. बगळेराव ढगांकडे पाहत होते. मग कावळ्याने प्रश्न सोपा केला.

"तुझं नाव काय?"

"खैरा."

"ठीक आहे," कावळा म्हणाला. त्या दिवशी खुंट आणखी साठ पावलं गेला.

धावताना खैऱ्याच्या तोंडात खुंट असे, त्यामुळे त्याला बोलता येत नसे. थांबल्यावर त्याच्या भोवती इतका गलका होई की कुणी काही विचारत नसे. बोलणं व्हायचं ते दगडोबाशी, संध्याकाळी पाण्यावर. खैऱ्याचा उजवा गुडघा सुजू लागला होता. पाचव्या वर्षी तो दगडोबाला म्हणाला, "दादा, हा सकाळी वाकत नाही."

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग झालं तर. उजवीकडून निघायच्या ऐवजी डावीकडून निघत जा. मी शेपूट तशी हलवीन." आणि तो तशी हलवू लागला. एका वर्षात बाकीच्या पाचांनाही कळलं. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

सातव्या वर्षी खैरा जांभळीखालून उठला नाही. रेड्यांना सावलीत जागा मिळेपर्यंत आपण खुंट उचलणार नाही, असं त्याने थोरलीला कळवलं. कळपाला वाईट वाटलं. ज्याला आपण एवढं डोक्यावर घेतलं त्याला आता गर्व झाला, असं गाई आपसांत बोलू लागल्या. ज्यांच्या गोऱ्ह्यांचं नाव खैरा होतं त्यांनी हाका मारताना आवाज खाली केला. रेड्यांना कुणी विचारलं नाही. दगडोबा तेवढा येऊन म्हणाला, "आम्हाला उन्हाची सवय आहे रे."

"मला नाही होत तुम्हाला उन्हात बघायची."

त्या वर्षी एका तरण्या बैलाने खुंट नेला. तो खैऱ्याच्या निम्माच गेला, पण बगळेरावांनी हिशेबी मान हलवली. निम्म्यावर भागत होतं. शिवाय तरण्या बैलाचे दोन्ही गुडघे वाकत होते.

पुढच्या महिन्यात खैऱ्याला पाणथळीच्या कळपाला देऊन टाकलं. बदल्यात चपळ वाणाची दोन वासरं आली, आणि खालच्या डबक्यात लोळायचा हक्क मिळाला. थोरलीने हे त्याला स्वतः येऊन सांगितलं, कारण तिला ते योग्य वाटलं. खुंटापर्यंत पोचवायला दगडोबा गेला.

"तिकडे सावली पुष्कळ आहे म्हणतात," दगडोबा म्हणाला.

"माझ्यापुढे कोण असेल?"

"असतील की कुणी. त्यांच्याकडेही रेडे आहेत."

"त्यांच्या शेपट्या मला कळणार नाहीत."

"पहिले काही दिवस नाही कळायच्या," दगडोबा म्हणाला. मग तो खुंटाच्या अलीकडे थांबला आणि खैरा पलीकडे गेला.

पाणथळीवाल्यांनी त्याच्या शिंगांत कमळाच्या देठांची माळ घातली. सहा वर्षं ज्याला त्यांनी शिव्या घातल्या तोच हा बैल, पण शिव्या त्यांनी पुरेपूर घातल्या होत्या आणि आता त्यांच्याकडे शिल्लक नव्हत्या. तिथे सावली खरोखरच पुष्कळ होती. खैरा सवयीने एका झाडाखाली बसे आणि उन्हात कोण उभं आहे ते बघे.

गवत पिकलं तेव्हा तो खुंट घेऊन वर धावू लागला. ज्या जमिनीवरून त्याने खुंट खाली आणला होता तीच ही जमीन. तिथला प्रत्येक खड्डा त्याच्या पायांना ठाऊक होता, म्हणून वाकत नसलेल्या गुडघ्यानेही तो एकशे चाळीस पावलं गेला. दुसऱ्या वर्षी एकशे दहा. माळावरच्या गाईंनी आपल्या गोऱ्ह्यांची नावं बदलली. कावळा कपाळावर बसून विचारी, "हा कुठला कळप?" खैरा सांगे, "माळाचा." उत्तर जुनं होतं, पण ठाम होतं. कावळा ते चालवून घेई.

तिसऱ्या वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी, संध्याकाळी, बगळेराव दगडोबाकडे आले. वाट काढायचं काम आता त्याने तरण्या रेड्यांना दिलं होतं. तो समोरच्यांना अडवणाऱ्यांत उभा राही, पण खैऱ्यापासून लांब, कुरणाच्या कडेला.

"उद्या तू मधोमध उभा राहा," बगळेराव म्हणाले. "तू त्याच्यापुढे सहा वर्षं चाललास. त्याचा कुठला गुडघा?"

दगडोबा रवंथ करत राहिला.

"उजवा आहे, हे मला दिसतं," बगळेराव म्हणाले. "मी फक्त तू सांगतोस का ते बघत होतो. उद्या तिथेच धडक बसव."

"मी खांद्यावर घेईन."

"खांद्यावर घेतलेला तो थांबत नाही."

"थांबवीन," दगडोबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मधोमध उभा राहिला. सकाळभरात खैरा सात वेळा पडला आणि सात वेळा उठला. आठव्यांदा त्याच्यापुढचे रेडे आजूबाजूला झुंजत राहिले, मध्ये एक फट पडली आणि त्या फटीतून तो सरळ दगडोबासमोर आला.

सहा वर्षांत खैऱ्याने धावताना दगडोबाचा चेहरा पाहिला नव्हता. त्याला पाठ माहीत होती, वण माहीत होते, शेपूट माहीत होती. आता तोंडासमोर तोंड आलं तेव्हा तो गोंधळला. त्याने वेग कमी केला. दगडोबा वळेल, पुढे चालू लागेल आणि मग शेपूट हलेल, म्हणून तो वाट पाहत थांबला. दगडोबाने खांदा खाली घेतला होता. त्याने तो तसाच धरून ठेवला.

खैऱ्याने तोंड उघडलं. "दादा," तो म्हणाला, "वळ ना."

तोंडातून खुंट खाली पडला.

तोवर दोन्ही बाजूंनी माळाचे तरणे बैल येऊन आदळले, आणि पहिला आदळला तो उजव्या गुडघ्यावर. मोडल्याचा आवाज दगडोबाला नीट ऐकू आला. मागून आणखी येत होते. दगडोबा खैऱ्यावर चार पाय रोवून उभा राहिला, आणि जे आले ते त्याच्या अंगावर आले. कावळ्याला खाली जायला वाट मिळेपर्यंत तो तसाच होता.

खैऱ्याकडून खुंट पडावा हे कधी घडलं नव्हतं. ते दगडोबाने घडवलं, असं माळावाल्यांनी धरलं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या कळपाने त्याचं नाव घेतलं. थोरलीने त्याला जांभळीखाली जागा दिली. तो तिथे चार दिवस बसला. पाचव्या दिवशी तो उठून कळपाबाहेर गेला, आणि पुन्हा आला नाही.

खैऱ्याचा दोन्ही कळपांनी मिळून सत्कार केला. सारसाने त्याची सगळी पावलं वाचून दाखवली. माळासाठी खाली नेलेली आणि पाणथळीसाठी वर नेलेली पावलं मिळवण्यात आली, वजा करण्यात आली नाहीत. बेरीज त्या मुलखात कुणाचीच झाली नव्हती एवढी मोठी झाली. खैरा तीन पायांवर उभा राहून ऐकत होता. बाकीच्या बैलांची ये-जा धरता खुंट कुठे आला होता, हे सारसाला माहीत होतं. खैरा जन्मायच्या आधी तो जिथे होता तिथून नऊ पावलांवर. पण तसं कुणी विचारलं नाही आणि सारस न विचारलेलं सांगत नसे.

कुरणाच्या बाजूला एक टेकडी होती. तिच्यावर खडक फार, म्हणून ती कुणीच मागितली नव्हती. खैरा तिथे राहू लागला. दगडोबा आधीच तिथे होता. तो खडकांतून पाला ओरबाडून आणी आणि खैऱ्यापुढे टाकी. खैरा कधी त्याला दादा म्हणे, कधी आई म्हणे. दगडोबा दोन्हीला ओ देई.

गवत पिकायचे दिवस पुन्हा आले. सकाळी दोघं टेकडीच्या काठाशी बसले होते. खाली दोन्ही कळप जमले होते. खैऱ्याने ते सगळं वरून कधी पाहिलं नव्हतं. तो बराच वेळ पाहत राहिला.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"खुंट हलवतायत."

"कशासाठी?"

"कुरणासाठी."

खैऱ्याने मान लांब केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने पुन्हा पाहिलं. "कुरण कुठाय?" तो म्हणाला.

दगडोबानेही पाहिलं. खाली, माळापासून पाणथळीपर्यंत, खुरांनी तुडवलेली उघडी लाल माती पसरली होती. एवढ्या मातीत मधोमध खुंट उभा होता. दोन्ही कडांना गवताची एकेक अरुंद पट्टी उरली होती आणि तिच्यावर दोन्ही कळप दाटीवाटीने उभे राहून चरत होते. एका तरण्या बैलाने खुंट तोंडात धरला. धुळीचा लोट उठला. त्याला धावायला जागा हवी म्हणून दोन्ही कळप दोन-दोन पावलं मागे सरले.