शंखकाराच्या मुलाचे खरे बोलणे

पूर्वी शूर्पारक नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका शंखकाराच्या घरी जन्माला आला. समुद्रातून आलेले शंख करवतीने कापायचे आणि त्यांच्या बांगड्या करायच्या, हा त्या घराचा पिढीजात धंदा. मुलाचे नाव भद्रक ठेवले. त्याची आई खेमा. तीन अपत्ये गेल्यावर तिला हा मुलगा झाला होता, म्हणून तो घराबाहेर पडला की परत येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे.

पंधराव्या वर्षी भद्रकाने कोरलेली बांगडी राणीच्या हातात गेली. सतराव्या वर्षी त्याच्या बोटांचे सांधे सुजले. करवत फार चालवतो म्हणून असेल, असे खेमेला आधी वाटले. मग गुडघे धरले, मग घोटे. सकाळी त्याचे अंग लाकडासारखे ताठ झालेले असे. खेमा निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करी आणि त्याचे एक एक बोट शेकीत बसे.

नगरात एक वृद्ध वैद्य होता. त्याने भद्रकाची नाडी पाहिली, सांधे चाचपले आणि काही न लपवता सांगितले, "मुला, हा रोग तुला आज मारणार नाही, पण सोडणारही नाही. कधी दबेल, कधी उसळेल. त्याच्यासकट जगायला शीक."

खेमा घरी येईपर्यंत रडत होती. भद्रक तिचा हात धरून चालत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते, याचेच तिला नवल वाटले. दोन दिवसांनी ती शंख आणायला कोठीत गेली, तर पोत्यांच्या आड तो गुडघ्यांत तोंड खुपसून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. ती पाऊल न वाजवता मागे फिरली.

दुपारी तो बाहेर आला आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, करवत मला पेलत नाही. पण बांगड्या घासायचं काम जमेल. तेवढं मला द्या."

तेव्हापासून बरे दिवस असले की तो बांगड्या घासून गुळगुळीत करी. वाईट दिवस आले की पडून राही. शेजारणी म्हणत, "मागच्या जन्मीचं पाप, दुसरं काय?" त्यावर तो म्हणे, "असेल, मावशी. पण आज मला भूक लागलीय, हे चांगलं लक्षण आहे." त्या हसत. खेमेला मात्र हसू येत नसे.

विसाव्या वर्षी रोग दबला. चार महिने सूज नाही, ताप नाही. भद्रकाने पुन्हा करवत हातात घेतली. त्याच सुमारास घाटावरून कालसेन नावाचा भोंदू वैद्य नगरात आला. कसलेसे पिवळे भस्म विकीत तो हिंडत होता. भद्रकाची हकीकत कानावर येताच तो घरी आला.

"विमल श्रेष्ठीच्या मुलीला तुझाच रोग आहे," तो म्हणाला. "तिच्यापुढे एवढंच बोल, की या भस्मानं मी बरा झालो. तुझ्या आईबापांना जन्मभर अन्नवस्त्राची ददात पडणार नाही, हा माझा शब्द."

तो गेल्यावर खेमेने मुलाचे हात धरले. "बोल ना रे, बाळा. एक वाक्य तर आहे! उद्या रोग उलटला आणि आम्ही नसलो, तर तुला कोण बघेल?"

भद्रक म्हणाला, "आई, ती पोर माझ्या तोंडाकडे बघणार आहे."

श्रेष्ठीची मुलगी उप्पला पंधरा वर्षांची होती. तिने अन्न टाकले होते. भद्रक आत येताच तिने त्याच्या चालत्या पायांकडे आशेने पाहिले. कालसेनाने बोलायची खूण केली.

"मी बरा झालेलो नाही," भद्रक म्हणाला. "चार महिने बरे गेलेत. ते भस्मानं नाही, आपोआप. रोग परत येईल."

उप्पलेने भिंतीकडे तोंड फिरवले. श्रेष्ठीने भद्रकाला घराबाहेर काढले. कालसेन त्याच दिवशी नगर सोडून गेला, आणि खेमा दोन दिवस मुलाशी बोलली नाही.

भद्रक दुसऱ्या दिवशी पुन्हा श्रेष्ठीच्या दारी गेला आणि पायरीवर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी उप्पलेच्या आईने त्याला आत घेतले. तो उप्पलेच्या खाटेजवळ बसून बांगडी घाशी. ती बोलत नसे. निघताना तो म्हणे, "उद्या येतो." ती दोन घोट दुधावर दिवस काढीत होती.

अकराव्या दिवशी रोग उसळला. भद्रकाला कुशीवर वळता येईना. तरी तो म्हणाला, "बाबा, मला तिकडे न्याल का?"

"वेडा झालास का रे?" खेमा ओरडली. पण बापाने त्याला पाठीवर घेतले. भर बाजारातून तो चालला. पायांना हिसका बसला की भद्रक कळवळे, म्हणून खेमा त्याची पावले हातांत धरून मागून चालत राहिली. तिचा राग त्या वाटेवर कुठेतरी गळून गेला.

त्याचे कण्हणे ऐकून उप्पला वळली. वेदनेने वेडावाकडा झालेला त्याचा चेहरा तिने पाहिला.

"एवढं दुखत असताना आलास कशाला?" तिने विचारले.

"उद्या येतो, असं काल म्हणालो होतो ना."

"हे असंच चालणार? जन्मभर?"

"हो. पण रोज इतकं नसतं. मधल्या दिवसांत पुष्कळ काही जमतं."

उप्पला रडू लागली. भद्रकही रडला. कोणी त्यांना गप्प केले नाही. रडणे ओसरल्यावर तिने पेज मागितली. वाटी तिलाही धरता येत नव्हती आणि त्यालाही. खेमेने मध्ये बसून दोघांना एकाच वाटीतून पेज भरवली.

उप्पला बरी झाली नाही, पण जगली. पुढे श्रेष्ठीच्या ओसरीवर नगरातली आणखी काही दुखणाईत तरुण मुले जमू लागली. ज्याला जे जमे ते तो करी, आणि ज्याला काहीच जमत नसे तो नुसता बसे.

एकोणतिसाव्या वर्षी भद्रकाच्या छातीत ताप उतरला. शेवटच्या दिवशी खेमेने त्याला विचारले, "बाळा, तू कधी बोलला नाहीस, पण तुला दुःख होत होतं ना रे?"

"होत होतं, आई. सकाळी फार व्हायचं. मग कोणीतरी हाक मारायचं आणि मी उठायचो."

त्यानंतर तो बोलला नाही. खेमा पुढे बरीच वर्षे जगली. श्रेष्ठीच्या ओसरीवर कोणाला भरवायचे असले, की तिला बोलावणे येई.

ही कथा भगवान शास्त्याने विहारात एका आजारी तरुण भिक्षूच्या उशाशी बसून सांगितली. "आनंदी राहा, असं सगळे सांगतात आणि मला ते जमत नाही," म्हणून तो भिक्षू रडत होता. कथा संपवून शास्ता म्हणाला, "त्या वेळची उप्पला म्हणजे तूच. खेमा म्हणजे तुला रोज पेज आणून देणारी ही उपासिका. पाठीवर वाहून नेणारा बाप म्हणजे तुझी सेवा करणारा हा वृद्ध भिक्षू. कालसेन म्हणजे खोटी औषधे विकल्यामुळे संघाबाहेर गेलेला तो श्रमण. शंखकाराचा मुलगा मी होतो. भिक्षू, दुःख न होणे म्हणजे क्षांती, म्हणजेच सहनशीलता, नव्हे. दुःख होत असता जो खोटे बोलत नाही आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवीत नाही, त्याच्या अंगी क्षांती आहे असे समज."